खिशांची वही

ऐक, आधी फक्त ऐक. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, मला सांगताना धागा सुटतो.

आपली टाचणी माहितीये ना? नाटकांचे कपडे शिवते ती. सदान्‌कदा ओठांत दोन-तीन टाचण्या धरून बोलते म्हणून टाचणी. तर तिची आणि तिच्या बाबांची गोष्ट आहे, रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवसाची. हसू नकोस, रिटर्नमध्येही गोष्ट असते.

टाचणीचं स्वतःच्या धंद्याचं हे पहिलंच वर्ष. आधी कारखान्यात नोकरी होती, तिथे कर कापून पगार हातात यायचा, विषय संपला. आता सगळं हिनेच करायचं. कापड घ्या, बटणं घ्या, अस्तर घ्या, आणि प्रत्येकाची पावती जपा. आणि टाचणीचं जपणं म्हणजे काय, तर पावती चुरगाळून खिशात कोंबायची. मग ती खिशातून कधीतरी एका गोल पत्र्याच्या डब्यात जायची. वर्षभरात डबा असा भरला की झाकण बसायला त्यावर कात्री ठेवावी लागायची.

आता खोलीचं ऐक, कारण सगळं त्या खोलीवर अडलेलं. टाचणीचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत मशीन, कापण्याचं टेबल, शिवणाचे तीन पुतळे, आणि त्या पुतळ्यांच्या मधोमध बाबांची खाट. म्हणजे बाबा डोळे उघडतात तर समोर मुंडकं नसलेला राजा उभा. कुणी माप द्यायला आलं की बाबा चहाचा कप घेऊन बाहेर जिन्यात जाऊन उभे राहणार. पाय दुखतात त्यांचे, पण बोलणार नाहीत. समोरच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानावर एक खोली रिकामी झाली होती. मोठी खिडकी, दिवसभर सारखा उजेड, आणि आधीच्या माणसाने सोडून दिलेलं हे एवढं लांब टेबल. टाचणी ते टेबल बघून आली आणि तिला जेवण जाईना.

चष्मेवाला म्हणजे मालक. तो म्हणाला, "परवा सकाळी दहाला पंचेचाळीस हजार डिपॉझिट आणि रिटर्नची प्रत. मला धंदा कागदावर दिसला पाहिजे. नाहीतर माशांच्या काचेच्या टाक्या बनवणारा एक जण सव्वादहाला येतोय."

टाचणीकडे सगळे मिळून बावन्न हजार होते. आणि जी टॅक्सवाली बाई तिचं रिटर्न भरणार होती, तिने आधीच सांगून ठेवलेलं, "खर्चाच्या पावत्या सगळ्या दाखवल्यास तर कर चार हजार. नाही दाखवल्यास तर सव्वीस. आणि त्या डब्यातून गोळे आणून माझ्यापुढे ओतू नकोस. सपाट कागद, तारखेप्रमाणे लावलेले. उद्या चार वाजता ये. सहाला मी कुलूप लावते."

हे फोनवर झालं. फोन स्पीकरवर होता. आणि बाबांनी ऐकलं.

आता बाबा कोण? बाबांनी बत्तीस वर्षं एका लाँड्रीत इस्त्री केलीये. सुरकुती दिसली की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. लग्नाच्या हॉलमध्ये टेबलावरचा कपडा हाताने सपाट करत बसतात, असे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, सकाळी टाचणी एका थिएटरात झगे पोचवायला गेली. साडेअकराला परत आली. घरात कापड तापल्याचा वास. टेबलावर पावत्यांच्या चार गड्ड्या, अशा कडक, अशा काटकोनात, की बँकेतल्या नोटा लाजाव्यात. बाबा बाजूला उभे, हात मागे बांधून, शाळेत बक्षीस घ्यायला उभं राहतात तसे.

"बाबा! तुम्ही लावल्यात?"

"तारखेप्रमाणे. एकही सुरकुती सापडली तर सांग."

टाचणीने त्यांच्या गळ्यात हात टाकला. मग वरची पावती उचलली. मागची बाजू पांढरी शुभ्र. उलटली.

काळी. म्हणजे डाग नव्हे, अख्खी काळी, कोळशाने रंगवल्यासारखी. दुसरी काळी. तिसरी. हिने गड्डी मधूनच उचकटली, तरी आत काळंच.

"बाबा, हे काय केलंत?"

"इस्त्री."

"अहो, हा दुकानातल्या मशीनचा कागद आहे! ह्यात शाई नसते, हा गरम झाला की काळा पडतो, तसंच छापतात त्यावर!"

बाबांनी एक पावती हातात घेऊन उजेडात धरली. "मी तर पालथ्या घातल्या होत्या," ते म्हणाले. "वरून सुती कापड टाकलं. अक्षराला चटका बसू नये म्हणून."

त्यांच्या काळी पावत्या हाताने लिहायचे रे, पेनाने. शाईला इस्त्रीने काय होतंय? आणि गंमत म्हणजे डब्यात चार पावत्या हाताने लिहिलेल्या होत्या, त्या काय सुंदर झाल्या होत्या! दोऱ्याच्या रिळांच्या. चारही मिळून पाचशे साठ.

टाचणीचं डोकंच फिरलं. ती नको ते बोलली. म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? दिसली वस्तू की दाब इस्त्री! माझी खोली गेली, कळतंय का तुम्हाला? झोपा आता जन्मभर पुतळ्यांत!" बाबांनी इस्त्रीचा प्लग काढला, वायर गुंडाळली. मग टेबलाखाली वाकून एक लांबट जाड वही काढली आणि म्हणाले, "अगं, ही बघ जरा. ह्यात…"

"बाबा, आत्ता नको हो तुमच्या लाँड्रीच्या जुन्या वह्या!" असं म्हणून ती पिशवी उचलून जिना उतरून गेलीसुद्धा.

कुठे? कापडवाल्याकडे. सगळ्यात मोठी बिलं त्याचीच. हिने विचार केला, दुकानांकडे नकला असतातच, काढून घेऊ. डोकं चांगलं चालवलं, नाही? पण कापडवाला मोजपट्टी गळ्यात टाकून बसलेला, तो म्हणाला, "देतो की. तारीख सांग."

"तारीख… पावसाळ्याच्या आधी."

"वा! रक्कम?"

"निळं अस्तर होतं."

"ताई, माझ्या दुकानातून वर्षाला दोन मैल निळं अस्तर जातं. तारीख नाही तर रक्कम, एक तरी आकडा दे. मशीनला निळं कळत नाही."

टाचणी तिथेच गठ्ठ्यांवर हात टेकून उभी. घड्याळात साडेबारा. दहा-बारा वेळा आली असेल ती त्या दुकानात, आणि एक तारीख आठवेल तर शपथ. मोबाइलमध्ये शोधावं, तर हिची सगळी खरेदी रोखीची, कारण कार्ड घरी विसरते. ही एवढी कामसू पोरगी, पण ह्या बाबतीत शून्य.

आणि तेवढ्यात दारातून धापा टाकत बाबा आले. पायात घरातल्या सपाता. वही काखेत.

त्यांनी टाचणीकडे बघितलंच नाही. वही काउंटरवर ठेवली, चष्मा नाकावर चढवला, बोट ओलं करून पान उलटलं आणि वाचायला लागले. "चौदा मे, मंगळवार. राखाडी पँट, उजवा खिसा. कापडाच्या दुकानाची पावती. निळं अस्तर नऊ मीटर, काळं चार मीटर. एकूण सत्तावीसशे चाळीस."

कापडवाल्याने आकडा टाकला. मशीन खर्रकन वाजलं आणि पावती बाहेर आली.

"पुढची?" कापडवाला म्हणाला, जरा सरळ बसून.

कळलं का तुला काय होतं ते? लाँड्रीत फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने बाबांवर आळ घेतला होता, कोटाच्या खिशात अंगठी होती म्हणून. अंगठी त्याच्या घरीच सापडली नंतर, पण तेव्हापासून बाबांनी नियम केला. कपडा हातात आला की धुण्याआधीच प्रत्येक खिसा उलटा करायचा, जे निघेल ते वहीत लिहायचं, आणि कपडा झाला की त्याच खिशात परत ठेवायचं. पानांना आकडे घातलेले. पान फाडायचं नाही. आणि खिशात काय दिसलं ते कुणाशी बोलायचं नाही, ज्याचा खिसा त्याच्याशीसुद्धा नाही. लाँड्री सुटली, सवय सुटली नाही. घरात टाचणीचे कपडे तेच धुऊन इस्त्री करतात ना? तर वर्षभर तिच्या खिशातला प्रत्येक कपटा, डब्यात जायच्या आधी, वहीत चढला होता. आणि हिला पत्ता नाही!

बारा पावत्या निघाल्या कापडवाल्याकडून. तिथून बटणवाली. बटणवाली म्हणजे नाकावर रागच, पण वही बघून तीसुद्धा म्हणाली, "काका, माझ्याकडे हिशेबाला येता का?" मग लेसचं दुकान, मग रंगवाला. टाचणी पुढे धावतेय, बाबा मागे फटक फटक सपाता वाजवत, सिग्नल हिरवा आहे का तांबडा कुणी बघेना. चेनवाल्याचं दुकान नेमकं बंद. दारावर चिठ्ठी, गावाला गेलोय. दुपारचे साडेतीन.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. टाचणीला माफी मागायची होती, पण तोंडात टाचण्या. काळजी वाटली की ती धरतेच टाचण्या, काम नसलं तरी. तर तिने वही मांडीवर घेतली आणि चेनवाल्याच्या नोंदी शोधायला पानं चाळायला लागली. सगळं होतं त्यात, माहितीये? "सिनेमाची तिकिटं दोन." "आलेपाकाची वडी, अर्धी. पँटला चिकटलेली." "एका मुलाचा फोटो. चष्मा आहे. परत ठेवला." ही अशी लाल झाली! आणि पुढच्या महिन्यात, "त्याच मुलाचा फोटो. दोन तुकडे. परत ठेवले."

तिने चोरून बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर.

मग पान उलटलं आणि तिचा हात थांबला.

"हिरवं जाकीट, आतला खिसा. पाकीट. जाड. उघडलं नाही. परत ठेवलं."

दोन पानं पुढे, पुन्हा. मग पुन्हा. चार वेळा. तेच शब्द.

आता इथे मला तुला ते सांगायला हवं जे टाचणीने कुणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. एक फिरती नाटक कंपनी होती. त्यांच्या मॅनेजरने हिच्याकडून चार नाटकांचे कपडे शिवून घेतले आणि पैसे रोख दिले, पाकिटातून. म्हणाला, बिल नको, भानगड नको, तुझं तुला माझं मला. चार पाकिटं, प्रत्येकात वीस हजार. ऐंशी. रिटर्नमध्ये हे ऐंशी हजार कुठेच नव्हते. टॅक्सवाल्या बाईने जो चार हजार कर काढला होता, तो ह्यांना सोडून. आणि हिच्याकडच्या त्या बावन्न हजारांतला बराचसा भाग म्हणजे हीच पाकिटं.

हिला वाटायचं, कुणाला माहीत नाही. आणि बाबा वर्षभर त्याच खाटेवर, त्याच पुतळ्यांमध्ये, सगळं लिहून ठेवून गप्प.

टॅक्सवाल्या बाईचं ऑफिस बुटांच्या दुकानावर. जिन्यापासून माणसं, प्रत्येकाच्या हातात पिशवी, प्रत्येकाचा चेहरा दवाखान्यात असतो तसा. एक बेकरीवाला तर पिठाच्या गोणीत कागद घेऊन आलेला. यांचा नंबर लागेपर्यंत पाच वीस. बाई पेपरमिंट चघळत होती. दुकानांच्या नव्या पावत्या तिने पटापट मोजल्या, हाताने लिहिलेल्या त्या चार बघून म्हणाली, "ह्यांना इस्त्री केलीये का काय?" टाचणी आणि बाबा दोघंही छताकडे बघायला लागले.

"बरं, चेनवाल्याचं काय? सात बिलं म्हणालीस."

"दुकान बंद आहे. पण वहीत आहेत सगळी."

बाईने वही घेतली. पानांवरचे आकडे बघितले, शिवण बघितली, एकही पान सुटं नाही ना ते बोटाने चाचपलं. "कोण लिहितं ही?"

"मी," बाबा म्हणाले.

"रोज?"

"कपडे असतील त्या दिवशी."

"ही चालेल. पण अख्खी जोडावी लागेल, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. निवडक पानं दिली तर काही किंमत नाही." आणि ती वाचायला लागली, ओठ हलवत, भराभर. मग हलायचे थांबले. "हे काय आहे? पाकीट, जाड, उघडलं नाही. इथे पण. चार वेळा?"

बाबा खिडकीशी गेले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरची भिंत होती. खिशात दिसलेलं बोलायचं नाही.

बाईने आवाज खाली आणला. वाईट नव्हती ती, शेवटच्या दिवशी दमलेली होती. "हे बघ, पाकीट एवढंच लिहिलंय. पाकिटात पत्रंही असतात. फोटो असतात. तू सांगशील ते मी समासात लिहीन. पण काहीतरी सांग, मागे जिना भरलाय."

"अहो, उरका की!" बेकरीवाला मागून ओरडला. "आमचा कर काय गोड आहे का?"

घड्याळात पाच पस्तीस. टाचणी मला म्हणाली, त्या वेळी तिला खोलीतलं ते लांब टेबल दिसत होतं, त्यावर पसरलेलं कापडसुद्धा दिसत होतं, जांभळं. पत्रं. एक शब्द. आणि हिचं तोंड बंदच आहे, टाचण्या आहेत ना तोंडात, नुसती मान हलवली असती तरी बाईने "पत्रं" लिहिलं असतं. इतकं सोपं!

तिने बाबांकडे बघितलं. पाठ. सदऱ्याला पाठीवर एक सुरकुती नाही. आणि पायात अजून घरातल्याच सपाता.

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून कॉलरला टोचल्या. "पैसे होते," ती म्हणाली. "चार वेळा वीस-वीस हजार. कामाचे."

बाईचं चघळणं थांबलं. "नीट विचार करून सांगतेस ना?"

"नाही. विचार केला तर सांगणार नाही. लिहा."

बाईने आकडा टाकला. चारचे वीस हजार झाले. टाचणीने भरले. बावन्नातून वीस गेले, बत्तीस उरले, आणि चष्मेवाल्याला हवेत पंचेचाळीस. मशीनमधून रिटर्नची प्रत आली, तीही गरम गरम, आणि बाबांनी ती घेऊन हाताने सपाट केली. नुसत्या हाताने.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "उघडलं नव्हतं मी."

"माहितीये."

"पण वजनावरून कळतं." दोन पायऱ्या उतरले. "बत्तीस वर्षं झाली की कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"खिसा तुझा," बाबा म्हणाले.

आणि तिने सकाळचं सगळं बोललेलं परत घेतलं, रस्त्यातच, मोठ्याने, बुटांच्या दुकानातली माणसं बघत होती. बाबा म्हणाले, "बास आता. पाय दुखतायत. रिक्षा कर."

त्या संध्याकाळी तिचा मला फोन आला होता. मला कारण सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, किती आहेत? माझ्याकडे तीन हजार होते, मी दिले. बाबांनी कपाटातून चार काढले. एकोणचाळीस. नाटक कंपनीच्या मॅनेजरला बारा फोन केले, त्याने उचलला नाही. उचलला असता तरी काय, त्याने पैसे दिलेच होते की!

सकाळी दहाला दोघं चष्मेवाल्यापुढे उभे. त्याने आधी रिटर्न वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि म्हणाला, "धंदा चांगला दिसतोय." मग पैसे मोजले. परत मोजले. "सहा कमी आहेत."

"महिन्याभरात देते."

तो विचार करत होता रे! खरंच करत होता, चष्म्याची काडी चावत. आणि सव्वादहाला माशांच्या टाक्यावाला आला, पूर्ण पंचेचाळीस घेऊन, रिटर्न नसलेला. चष्मेवाल्याने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा नोटांकडे. आणि नोटा घेतल्या. धंदा कागदावर दिसला पाहिजे म्हणणारा तोच माणूस!

आता त्या लांब टेबलावर मासे आहेत. टाचणी घरीच शिवते. बाबा कपबशी घेऊन जिन्यात उभे राहतात, फक्त आता तिने जिन्यात एक स्टूल ठेवलंय. मी तिला विचारलं, पश्चात्ताप होतो का? म्हणाली, "रोज सकाळी होतो. पुतळ्याची ठेच लागली की होतो. मग बाबा कपडे आणून ठेवतात, आणि खिसे बघितले की जातो."

खिशातली प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. पावत्या मात्र आता चुरगाळलेल्याच परत येतात, बाबा त्यांना बोट लावत नाहीत.

माझे तीन हजार तिने परत केले. पण मला त्या दिवसापासून झोप नीट नाही, सारखं तेच डोक्यात. पाच पस्तीस झालेत, मागे बेकरीवाला ओरडतोय, बाई पेन धरून बसलीये, नुसती मान हलवायचीये, आणि खिडकीशी बाबांची पाठ. तू सांग. खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको. तू काय केलं असतंस?